घरची मोटार : मेणा की तांडा?

केळवे-माहीमच्या पट्ट्यात अलीकडे कोणाच्या मुलाला बोईसरच्या कारखान्यात बरी नोकरी लागली, किंवा वाडीचे दोन हंगाम चांगले गेले, की संध्याकाळी ओटीवर एक विषय हमखास निघतो. मोटार घ्यायची ती कोणती? घरात लगेच दोन पक्ष पडतात. मुलगा म्हणतो, डिकीची गाडी घेऊ. दिसायला ऐटदार, बसायला मऊ. वडील म्हणतात, त्याहून कमी पैशांत व्हॅन येते. सगळे घर एका खेपेत लग्नाला जाऊन येईल. आजी काहीच म्हणत नाही. तिला कोणी विचारलेलेच नसते. आज मला जे सांगायचे आहे ते या न विचारलेल्या आजीपाशी येऊन थांबणार आहे. पण तेथवर क्रमाक्रमाने जाऊ.

मी मोटारींच्या धंद्यातला नव्हे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. अर्थशास्त्राचा आणि गाडीच्या बैठकीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. वस्तू थोडी आणि घेणारे फार, अशा वेळी वाटणी कशी करावी, हाच आमच्या शास्त्राचा पहिला प्रश्न. गाडीतली जागा ही अशीच मोजकी वस्तू आहे.

प्रथम नावे पाहू. ज्या गाडीला पुढे इंजिनाचा भाग, मध्ये माणसांची खोली आणि मागे सामानाची बंद डिकी असते, तिला सेडान म्हणतात. हा शब्द मोटारीच्या फार आधीचा आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दोन माणसे दांड्यांवर उचलून नेत अशी एक बंद खुर्ची असे. तिचे नाव सेडान. म्हणजे आपला मेणाच म्हणा ना! आत एक प्रतिष्ठित माणूस, दारे बंद, बाहेर भोई. व्हॅन या शब्दाचे कूळ अगदी वेगळे. कॅरव्हॅन या शब्दाचे शेपूट तोडून तो झाला, आणि कॅरव्हॅन म्हणजे फारसीतला कारवान. व्यापारी, बायकामुले, उंट, गाठोडी असा सगळा तांडा. एक शब्द मेण्यातून आला, दुसरा तांड्यातून. गंमत अशी, की चाके लागली, इंजिन लागले, तरी दोन्ही गाड्यांचा मूळ स्वभाव फारसा बदललेला नाही.

आपल्याकडे मेणा आधी आला. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला तयार होणारी अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, या दोन्ही डिकीच्याच गाड्या. पद्मिनी टॅक्सीची पुढची बैठक सलग बाकासारखी आणि गिअरचा दांडा सुकाणूपाशी. त्यामुळे पुढेही मध्ये एक मूल बसून जाई. सामान वाढले की टपावरचे कॅरियर होतेच. मुंबईत अशी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. अँबॅसडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ साली, थांबले होते.

तांडा आला तो १९८४ साली. अमेरिकेत १९८३ च्या अखेरीस क्रायस्लर कंपनीने घरच्या गॅरेजात मावेल, तळ सपाट असेल आणि दार बाजूला सरकेल अशी कुटुंबाची गाडी काढली. तिचे एक नावच कॅरव्हॅन होते. दुसऱ्याच वर्षी गुरगावच्या मारुतीने आपली छोटी व्हॅन बाजारात आणली. तीच पुढे ओम्नी म्हणून ओळखली गेली. डॉक्टरची रुग्णवाहिका, दुकानदाराचा माल, शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, सगळे तिने वाहिले. २०१९ साली ती बंद झाली. तिची जागा २०१० पासून इको घेत आली आहे. आज केळवे रोड स्टेशनाच्या बाहेर किंवा पालघरच्या बाजारात उभे राहिले, तर पाच-दहा मिनिटांत एखादी इको दिसल्याखेरीज राहत नाही.

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. आपल्याकडे सामान्यतः दिसणाऱ्या दोन गाड्या घेऊ. डिकीची म्हणून २०२४ सालची डिझायर आणि व्हॅन म्हणून इको. डिझायरची लांबी सुमारे १३ फूट १ इंच, रुंदी ५ फूट ८ इंच, उंची ५ फूट. इकोची लांबी सुमारे १२ फूट, रुंदी ४ फूट १० इंच, उंची जवळजवळ ६ फूट. म्हणजे खळ्यात उभी केली, तर डिझायर सुमारे ७५ चौरस फूट जागा अडवते आणि इको सुमारे ५८. लहान गाडी इकोच. तरी डिझायरमध्ये पाच माणसे बसतात आणि जुन्या इकोमध्ये सात. पाचांना ७५ म्हणजे माणशी १५ चौरस फूट. सातांना ५८ म्हणजे माणशी सव्वाआठ. ही बाहेरची मापे आहेत, आतली नव्हेत, हे खरे. पण कोणती गाडी माणसाला सैल ठेवते आणि कोणती दाटीने बसवते, ते एवढ्या भागाकाराने कळते. शिक्षक बंधुभगिनींनी हा पाठ वर्गात जरूर करून पाहावा. गावात उभ्या असलेल्या चार गाड्या, मोजपट्टी आणि सातवीची मुले एवढे साहित्य पुरे.

पण लहान गाडीत जास्त माणसे मावतात कशी? यात जादू काही नाही. आपण पंगतीला बसतो ते आठवा. पाय लांब करून बसलेल्याला ओटीवर चार हात जागा लागते. तोच माणूस खुर्चीवर सरळ बसला, तर दोन हातांत मावतो. डिकीची गाडी बुटकी. तिच्यात बैठक जमिनीला लागून, पाठ मागे रेललेली, पाय पुढे पसरलेले. म्हणून एकेका रांगेला लांबी जास्त लागते. व्हॅन फूटभर उंच. तिच्यात माणूस शाळेच्या बाकावर बसावा तसा ताठ बसतो, पाय खाली सोडतो. म्हणून तेवढ्याच लांबीत आणखी एक रांग बसते. उंचीने लांबी वाचवली, असे म्हणा.

दुसरी युक्ती इंजिनाची. डिझायरचे इंजिन पुढे स्वतःच्या खोलीत असते. इकोचे इंजिन पुढच्या बैठकीखाली असते. त्यामुळे नाक आखूड, पोट मोठे. मागेही वेगळी डिकी नाही. शेवटच्या बैठकीची पाठ संपली की जवळजवळ लगेच काच. पुढची आणि मागची अशी दोन खोल्यांची जागा व्हॅनने माणसांना देऊन टाकली आहे.

मात्र जागा फुकट मिळत नाही. त्या दोन खोल्या नुसत्या इंजिनाच्या आणि सामानाच्या नसतात. धडक बसली, तर त्या आधी चेपतात आणि मधल्या खोलीतल्या माणसांपर्यंत धक्का कमी होऊन पोचतो. नाक आखूड केले, की चालकाच्या गुडघ्यांपुढे चेपायला थोडेच उरते. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ साली हवेच्या पिशव्या नसलेली इको आपटून पाहिली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी तिला पाचांपैकी एकही तारा मिळाला नव्हता. २०२४ च्या डिझायरला त्याच संस्थेने पाच तारे दिले. २०२५ साली इकोला सहा हवेच्या पिशव्या मिळाल्या आणि बैठकी सातांच्या सहा झाल्या, ही सुधारणा चांगलीच आहे. पण ज्यांच्या दारात जुनी इको किंवा ओम्नी आहे, त्यांच्या गाडीत ती आपोआप येत नाही. ऐसपैसपणा हा सोयीचा प्रश्न वाटतो. खरे पाहता तो जिवाचाही आहे.

आता सामान. डिझायरची डिकी ३८२ लिटरची. आकडा डोळ्यांपुढे येत नसेल, तर पाण्याचे वीस लिटरचे कॅन आठवा. असे एकोणीस कॅन पाणी, एवढे ते आकारमान. त्यावर झाकण. झाकणाचे महत्त्व आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. सातपाटीहून सुके बोंबील किंवा सुकट घेऊन व्हॅनमधून एकदा प्रवास करावा! माणसे आणि सामान एकाच खोलीत असल्याने बोंबलाचा वास पुढे आठवडाभर पाहुण्यांचे स्वागत करीत राहतो. विड्याच्या पानांचे करंडे, केळीचे घड, नारळाचे पोते मात्र डिकीत नीट बसत नाही. डिकीचे तोंड अरुंद. व्हॅनची मागची बैठक काढली की तीच मालगाडी होते. तेव्हा वाडीवाल्याचे मन व्हॅनकडे ओढ घेते ते उगीच नव्हे.

डिकीच्या बाबतीत आणखी एक गमतीची गोष्ट आहे, आणि ती सरकारी कराशी निगडित आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांहून आखूड लहान मोटारींवरचा कर कमी केला गेला. २००८ साली आलेली पहिली डिझायर ४ मीटर १६ सेंटिमीटर लांब होती आणि तिची डिकी ४४० लिटरची होती. कराची सवलत मिळावी म्हणून २०१२ साली तीच गाडी ३ मीटर ९९५ मिलिमीटरांवर आणली. कात्री डिकीला लागली. ४४० लिटरची ३१६ झाली. पुढे ती थोडी वाढवत नेली एवढेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर नव्याने ठरला, तेव्हाही हीच रेघ कायम राहिली. चार मीटरांच्या आतल्या लहान इंजिनाच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, मोठ्या गाडीला ४० टक्के. आपल्या बॅगा कोठे मावतात याचा निर्णय दिल्लीत झालेला असतो, तो असा.

कोणी म्हणेल, मेणा नको, तांडाही नको, मधला मार्ग काढू. तसा मार्ग निघाला आहे. टोयोटाची क्वालिस २००० साली आली, इनोव्हा २००५ साली, मारुतीची अर्टिगा २०१२ साली. या गाड्यांना नाक आहे आणि तीन रांगाही आहेत. बैठक साधारण कमरेच्या उंचीला असल्याने म्हाताऱ्या माणसाला ना खाली वाकावे लागते, ना वर चढावे लागते. २०१८ च्या अर्टिगाने अडवलेली जागा सुमारे ८२ चौरस फूट. सातांत वाटली तर माणशी पावणेबारा. म्हणजे डिझायर आणि इको यांच्या बरोबर मधोमध. पण तिन्ही रांगा भरल्या, तर सामानाला उरतात २०९ लिटर, म्हणजे आपल्या मापाने दहा कॅन. सात माणसे चार दिवसांच्या लग्नाला निघाली, तर दहा कॅनांच्या जागेत त्यांचे सामान बसणार नाही. मागची रांग पाडली, तर ५५० लिटर मिळतात. पण मग माणसे उरली पाच. जाहिरातीत दोन्ही आकडे असतात. एका वेळी मिळतो एकच.

आता मी आरामाकडे वळतो. आराम म्हणजे नुसती गादी नव्हे. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने प्रवास केला आहे, त्याला हे शास्त्र कोणी शिकवायला नको. होडीच्या मध्यात बसणारा कमी हलतो, टोकाला बसणारा जास्त. गाडीचेही तसेच. दोन चाकांच्या मध्ये बसलेल्याला गतिरोधकाचा अर्धा धक्का बसतो. मागच्या चाकावर बसलेल्याला पुरा. व्हॅनची आणि तीन रांगांच्या गाडीची शेवटची बैठक नेमकी मागच्या चाकावर येते. ती बैठक तळाच्या मानाने ठेंगणी असली, तर गुडघे छातीकडे येतात आणि मांडीला आधार राहत नाही. इकोमध्ये थंड हवेची झरोकी पुढेच असतात. ती हवा मागे पोचेतो वैशाखातली दुपार उतरून जाते. पुढे बसलेला म्हणतो, फारच गार होते आहे, जरा कमी करा. मागे कोणी तरी पदराने वारा घेत असते.

हे "कोणी तरी" म्हणजे कोण? श्रोतेहो, हा माझा मुख्य प्रश्न आहे. गाडी चालवतो मुलगा. त्याच्या शेजारी वडील, कारण ते वडील. मधल्या रांगेत पाहुणे, जावईबापू, आणि खिडकीशी ज्याला मळमळते तो. मग शेवटच्या रांगेत कोण उरले? सूनबाई, तिच्या मांडीवर तान्हे मूल, शेजारी आजी किंवा दोन लहान भावंडे, आणि पायाशी पिशव्या. घरात जी पंगतीला शेवटी बसते, तीच गाडीतही शेवटी बसते. जिला उतरायला सर्वांत त्रास, ती सर्वांत आत. ज्याचे पोट लगेच ढवळते, ते मूल सर्वांत जास्त हलणाऱ्या जागी. कारखान्याने सात बैठकी दिल्या. त्यांची वाटणी मात्र आपण घरच्या जुन्या रिवाजाने केली. डिकीच्या गाडीत ही शेवटची रांग नाही. पण म्हणून तेथे न्याय होतो असेही नाही. तेथे एक तर पाचाचे सहा होतात, किंवा आजीला सांगितले जाते, तुम्ही घर सांभाळा. मेण्यात जागा नसली, की माणूस घरी राहते. तांड्यात जागा नसली, की माणूस कोंबले जाते. दोन गाड्यांतला हा खरा फरक आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो तेही ध्यानात ठेवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात प्रवासी वाहनात परवान्याहून जास्त नेलेल्या प्रत्येक माणसामागे २०० रुपये दंड आहे. पट्टा न लावल्यास १,००० रुपये, आणि चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनाने बांधलेले नसल्यासही १,०००. पट्टा मागे बसणाऱ्यांनाही लागू आहे. मांडीवरच्या मुलाला पट्टा नसतो, हे शिक्षकांनी पालकसभेत बोलून दाखवावे. शाळेच्या व्हॅनमध्ये किती मुले बसतात हे फाटकाशी उभे राहून मोजणे, हे हजेरी घेण्याइतकेच आपले काम आहे.

तेव्हा निवड कशी करावी? माझ्या मते प्रश्नाचा क्रम बदलावा. गाडी मोठी की लहान, हे शेवटी पाहावे. प्रथम एका कागदावर लिहावे, वर्षातून किती दिवस गाडीत किती माणसे बसणार. मुंबईला रोज जाणाऱ्याला गाडी लागत नाही. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आहे आणि ती केळवे रोडला थांबते. उरते काय? पालघरचा बाजार, मनोरवरून महामार्गाने जाणे, चैत्रात डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा, दोन-चार लग्ने, आणि कधी रात्री-अपरात्री आजाऱ्याला वसईकडे किंवा मुंबईकडे हलवणे. सात माणसे वर्षातून दहा दिवस आणि चार माणसे उरलेले दिवस, असा हिशेब निघाला, तर त्या दहा दिवसांसाठी भाड्याची गाडी करावी आणि घरी चारांच्या सुखाची गाडी ठेवावी. वाडीचा माल रोज न्यायचा असेल, तर व्हॅन घ्यावी. पण तिच्यात माल आणि माणसे एका वेळी भरू नयेत. घरी सहा-सात माणसे खरोखरच नेहमी एकत्र जाणारी असतील आणि पैसा परवडत असेल, तर तीन रांगांची गाडी पाहावी.

आणि गाडी पाहायला एकटा मुलगा किंवा एकटे वडील जाऊ नयेत. सगळ्या घराने जावे. आधी चालकाने आपली बैठक हवी तशी सरकवून घ्यावी. मग त्याच्यामागे बसावे, आणि त्याच्याही मागे. लग्नाला नेतो तेवढ्या पिशव्या बरोबर न्याव्यात आणि सर्व जण बसले असता त्या कोठे राहतात ते पाहावे. आजीला आत चढायला आणि बाहेर उतरायला सांगावे, एकदा नव्हे, दोनदा. तिने हात कोठे धरला, गुडघा कोठे अडला, पदर कोठे अडकला, हे नीट पाहावे. दुकानातला माणूस गुळगुळीत रस्त्यावर पाच मिनिटे फिरवून आणील. त्याला आपल्या गावच्या वाटेवर अर्धा तास चलण्याचा आग्रह करावा. तेवढा अर्धा तास, ज्याच्या खिशातून पैसे जाणार आहेत, त्याने शेवटच्या बैठकीवर बसावे.

तेथे त्याची पाठ दुखली नाही, पोटात ढवळले नाही, वारा पोचला, पट्टा लागला आणि काच डोक्याला टेकली नाही, तर ती गाडी खुशाल घ्यावी, मग तिला मेणा म्हणा की तांडा. आणि यांतले एक जरी झाले, तरी त्या जागी कोणाला बसवणार होतो, त्यांचे नाव मनात आणावे, आणि मगच बयाण्याचे पैसे मोजावेत.